चित्रावरून स्वमग्नता ओळखता येते का?

उगम : ‘माणूस काढ’ ही चाचणी अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६मध्ये मांडली, तीही बौद्धिक वाढ मोजण्यासाठी. गुण सुबकतेला नाहीत, तपशिलाला आहेत : मान दाखवली का, हात खांद्यातून निघतात का, बोटे पाच आहेत का. प्रमिला फाटक यांनी तिचे भारतीय रूप तयार केले.

निदान : मानसिक विकारांच्या निदानाच्या डीएसएम-५ या पुस्तिकेतील (२०१३) मुख्य निकष दोन : सामाजिक संवादातील अडचणी आणि साचेबद्ध, पुनरावृत्तीचे वर्तन. आधार पालकांची मुलाखत व प्रत्यक्ष निरीक्षण. एकटे चित्र पुरत नाही.

पारख
• संवेदनशीलता : स्वमग्न मुलांपैकी किती ओळखली गेली.
• विशिष्टता : इतर मुलांपैकी किती बरोबर वगळली गेली.

दोन्ही ९० टक्के धरल्या आणि १,००० मुलांत १० स्वमग्न असली, तर चाचणी ९ जणांना ओळखते. पण ९९ जणांवर चुकीचा शिक्का बसतो. चाचणी पारखताना हा आकडा आधी पाहावा.

गल्लत कुठे : पेन्सिलवरची कच्ची पकड, बौद्धिक अक्षमता किंवा सरावाचा अभाव यांनीही गुण घटतात. उलट, ब्रिटनचे स्वमग्न चित्रकार स्टीफन विल्टशायर लहानपणापासून इमारती बारकाव्यांसह रेखाटत आले आहेत.