पडद्याची लुकलुक

स्थिर दिसणारा पडदा वस्तुतः कधीच स्थिर नसतो. बोलपटाची सेकंदाला २४ चित्रे सरकतात. तरीही डोळ्यांना उघडझाप खुपू नये म्हणून प्रक्षेपकातील झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा दाखवीत असे. कोथरूडपासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावरील स्टुडिओत तयार झालेले ‘प्रभात’चे बोलपट याच युक्तीने स्थिर दिसत. लॅपटॉपवरील चित्रही सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटते. हा ताल चुकला, की पडदा लुकलुकू लागतो.

कोथरूडमध्ये खोली घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा एकच लॅपटॉप असतो. प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात हे दुखणे उद्भवले, तर घाबरून नवा पडदा बसवण्याकडे मनाचा कल होतो. तो खर्च करण्यापूर्वी दोष यंत्राचा की आज्ञावलीचा, हे ठरवले पाहिजे.

लिनक्स सुरू होण्याआधी, बायॉसच्या पडद्यावरही लुकलुक असेल, किंवा झाकण हलवताच ती कमीजास्त होत असेल, तर केबल वा पडदा सदोष समजावा. तेथे दुरुस्तीवाचून गत्यंतर नाही. केवळ प्रकाश मंद केल्यावर त्रास होत असेल, तर तो बहुधा पडद्यामागील दिव्याच्या उघडझापीचा असतो. प्रकाश थोडा वाढवावा.

परंतु लिनक्स सुरू झाल्यावरच, विशेषतः पडद्यावर हालचाल नसताना लुकलुक होत असेल, तर संशय एका काटकसरीच्या योजनेवर जातो. तिचे नाव ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’. चित्र बदलत नसेल, तेव्हा संगणक ते पाठवणे थांबवतो आणि पडदा स्वतःच्या स्मृतीतील प्रत दाखवीत राहतो. त्यामुळे बॅटरी वाचते. मात्र या अवस्थेतून पुन्हा जागे होताना काही पडदे अडखळतात.

इंटेलचे ग्राफिक्स असल्यास ही योजना बंद करून पाहावी. यंत्र सुरू होताना ग्रबची सूची येते. तेथे ‘ई’ ही कळ दाबावी. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ ही अक्षरे रोमन लिपीत लिहून ‘एफ१०’ दाबावे. हा बदल त्या वेळेपुरताच टिकतो. म्हणून प्रयोगास भय नाही. गुण आला, तर उबुंटूमध्ये ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधील ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट’ या ओळीच्या अवतरणचिन्हांत तीच अक्षरे घालावीत व ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. लुकलुक नव्या कर्नलनंतरच सुरू झाली असेल, तर ग्रबच्या सूचीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा.

याची किंमत एवढीच, की बॅटरी थोडी लवकर उतरते. शिवाय हा इलाज नव्हे, पथ्य आहे. मूळ दोष कर्नलमध्ये दुरुस्त व्हावा लागतो. १९९१ साली लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेले हे काम खुले असल्याने, आपल्या यंत्राचे लक्षण कोणीही विद्यार्थी कर्नलच्या कर्त्यांना कळवू शकतो. पुढे नवा कर्नल आला, की पथ्य सोडून पाहावे.