माळ मनगटाला बांधली तर चालेल का?

उपशामक शुश्रूषेवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे मॉर्फिन, खाटा आणि खर्च एवढंच होतं. पुण्याजवळच्या एका केंद्रात गेलो आणि तिथल्या एका नोंदवहीनं मला धरून ठेवलं. नाडी, ताप, रक्तदाब केसपेपरवर असतात. या वहीत भलतंच काही असतं. ‘खाट ४ : सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, संध्याकाळच्या गोळ्या आधी द्याव्यात.’ ‘खाट ७ : पूजा-प्रार्थना काही नको. सकाळी अग्रलेख वाचून दाखवणे.’ ‘खाट ९ : फादर येणार आहेत. गिळता येत नाही, ख्रिस्तप्रसाद कणभरच.’ (खाटांचे क्रमांक मी बदलले आहेत.) रात्रपाळी सुरू होताना ही वही मोठ्यानं वाचली जाते आणि मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे ऐकतात.

या कामाचा इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांना ही वाट दिसली ती डेव्हिड टास्मा या पोलंडहून आलेल्या ज्यू रुग्णाच्या सोबतीत. तो 1948 मध्ये कॅन्सरनं गेला आणि जाताना त्यांच्या भावी घराच्या खिडकीसाठी 500 पौंड ठेवून गेला. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या सगळ्यांचं दुखणं एकत्रच असतं, ही सॉन्डर्सबाईंची मांडणी आज जगभर शिकवली जाते. आपल्याकडे टाटा रुग्णालयातले कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन सुरू केलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे.

पुन्हा वहीकडे येतो. ती ठेवतात इथल्या समाजसेविका. सगळे त्यांना ताई म्हणतात आणि नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. घर अकोल्याकडचं, बौद्ध. “आमच्या घरात देव्हारा नाही,” त्या म्हणाल्या, “पण इथं माझ्या घरात काय आहे याला काय किंमत? समोरच्याला काय हवंय ते बघायचं.”

वहीच्या एका पानावर माळेची हकीकत आहे. तंबाखूनं जबड्याला झालेला कॅन्सर मानेपर्यंत उतरलेले एक वारकरी आजोबा आले होते. जखमेचा वास जावा म्हणून तिच्यावर मेट्रोनिडाझोलची पूड टाकून ड्रेसिंग करत, आणि तुळशीची माळ नेमकी तिथंच घासायची. माळ काढली तर आजोबा पाण्याचा घोट घेईनात. ड्रेसिंगवाल्या सिस्टर हैराण झाल्या, मुलगा म्हणाला कापून टाका. ताईंनी आजोबांच्याच फोनमधून दिंडीतल्या विणेकऱ्यांचा नंबर शोधला आणि विचारलं, माळ मनगटाला बांधली तर चालेल का? विणेकरी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बांधा. आणि फोन त्यांच्या कानाला लावा, मीच सांगतो.” त्या दुपारी आजोबा चार चमचे पेज प्यायले.

हे प्रवचन देण्याचं काम नाही. यात निम्मी तर नुसती खटपट असते. एका आजींना पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढायचा होता, पण खाट फिरवली की ऑक्सिजनची नळी पुरत नव्हती. वॉर्डबॉयनं लांब नळी आणली. वजूसाठी उठवत नव्हतं, म्हणून तयम्मुमसाठी स्वच्छ मातीची वीट उशाशी ठेवली. रमजानमध्ये त्यांना रोजा सोडवेना. आजाऱ्याला सूट आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. तेव्हा डॉक्टरांनी दर चार तासांची मॉर्फिनची गोळी बदलून बारा तास पुरणारी दिली, एक सहरीला आणि एक इफ्तारला. दुखणं आवरलं नाही तर कुणाच्याही तोंडी नाव येत नाही, मग ते विठ्ठलाचं असो की अल्लाचं. म्हणून मॉर्फिन ही या कामाची पहिली पायरी आहे, असं मी मानतो. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं हेच औषध जवळजवळ दिसेनासं केलं होतं. तो कायदा 2014 मध्ये सुधारला, तरी जिल्ह्याच्या गावी आजही ते सहज हाती लागत नाही.

वृद्धाश्रमांत ही वही क्वचितच असते. संध्याकाळी दिवाणखान्यात एकच आरती होते. जे खोलीतून बाहेर येत नाहीत त्यांना तुमचं काय, असं कुणी विचारत नाही. हे मला खुपतं.

पण ताईंची खरी अडचण वेगळीच. “बाबांना सांगू नका हं.” दाखल करताना पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. मुलं प्रेमापोटीच बोलतात. पण आपण बरे होणार असं ज्याला सांगितलंय, त्यानं निरवानिरव कधी करायची? क्षमा कुणाची मागायची, कोणाला बोलवायचं, मुलीच्या नावावर काय करायचं, हे सगळं ‘बरं वाटलं की बघू’वर जातं. जीवनरक्षक उपचार नको असतील तर तसं आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. पण ज्याला आजारच माहीत नाही, तो लिहिणार काय?

ताई मुलांशी भांडत नाहीत. “मी आपणहून काही सांगणार नाही. त्यांना काय वाटतं एवढं विचारू का?” अशी परवानगी त्या मागतात. एका शेतकऱ्याच्या मुलानं दोन दिवसांनी हो म्हटलं. म्हातारबा म्हणाले, “पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पोरगं खचेल म्हणून बोललो नाही.” मग त्यांनी धाकट्या भावाला बोलवायला सांगितलं. बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ सांगोल्याहून निघाला, पण पोचला तेव्हा म्हातारबांची शुद्ध गेली होती. ते दोन दिवस ताईंना अजून सलतात.

त्यांचा पगार एका देणगीदाराच्या वर्षावर्षाच्या देणगीतून येतो. मार्चनंतरचं अजून ठरलेलं नाही. त्या नसतील तेव्हा हे प्रश्न कोण विचारणार, असं मी व्यवस्थापकांना विचारलं. नर्सेसना शिकवू, ते म्हणाले. रात्रपाळीला तीस खाटांमागे दोन नर्स असतात.