किल्ल्याचे पहारेकरी चुकतात तेव्हा...

बालमित्रांनो, थंडीच्या दिवसांतली सकाळची शाळा म्हणजे काय, हे साताऱ्याच्या मुलांना वेगळं सांगायला नको. अजिंक्यताऱ्यावर अजून धुकं असतं, आईने दोनदा हाक मारलेली असते आणि अंगावरचं पांघरूण काही सुटत नाही!

पण समजा, तुमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला उठायचा कंटाळा नाही, तिला उठताच येत नाही. गुडघा आखडलेला असतो. पाय जमिनीला टेकला की ती लंगडत चालते. प्रार्थनेला उशिरा पोहोचते. पी. टी.च्या तासाला तिला खाली बसता येत नाही. आणि नवल असं की, मधल्या सुट्टीपर्यंत तीच मुलगी बऱ्यापैकी चालू लागते. एखाद्या दिवशी तर पकडापकडीसुद्धा खेळते! मग काय, वर्गात कुजबुज सुरू होते, "सकाळी लंगडायचं आणि दुपारी पळायचं! नाटकं नुसती!"

मुलांनो, ते नाटक नसतं. सकाळी सांधा आखडणे आणि दिवस चढेल तसा तो मोकळा होणे, ही एका खऱ्याखुऱ्या आजाराची खूण असू शकते. त्या आजाराचे नाव आहे बालसंधिवात.

"पण संधिवात तर आजीला होतो!" असं तुम्ही म्हणाल. आजीचा गुडघा बहुतेक वेळा वयोमानाने झिजलेला असतो. बालसंधिवाताची गोष्ट निराळी आहे. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेली आणि दुसरे कारण न सापडणारी सांध्याची सूज, अशी डॉक्टर त्याची ओळख सांगतात. लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने १८९७ साली अशा २२ मुलांची हकिगत लिहिली आणि हा आजार मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा असू शकतो, हे दाखवून दिले. पाश्चात्त्य देशांत साधारण हजार मुलांमागे एकाला हा आजार असावा, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे दोन-तीन मोठ्या शाळा मिळून असे एक-दोन मित्र सहज असतील!

मग हा आजार होतो तरी कसा?

काटा आणि खादाड पेशी

आपलं शरीर म्हणजे एक किल्लाच समजा. त्वचा ही त्याची तटबंदी. आत पांढऱ्या पेशींचे पहारेकरी रात्रंदिवस गस्त घालत असतात. जंतू दिसला रे दिसला की, त्याला घेरायचं आणि संपवायचं, हे त्यांचं काम. यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो.

हे पहारेकरी सापडले कसे, ती हकिगत मोठी मजेदार आहे. १८८२ साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह इटलीतल्या मेसिना गावी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हे एकटेच घरी सूक्ष्मदर्शक घेऊन बसले. समोर होत्या तारामाशाच्या इवल्याशा अळ्या, काचेसारख्या पारदर्शक. त्यांच्या मनात आलं, यांच्या अंगात काटा टोचला तर काय होईल? बागेतले गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही! सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

घुसखोराला गिळणाऱ्या या पेशींपैकी मोठ्या पेशींना मेचनिकॉव्ह यांनी 'मॅक्रोफेज' असे नाव दिले. म्हणजे मोठा खाणारा, जणू बकासुरच! आपण त्यांना खादाड पेशी म्हणू. या कामासाठी त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या खादाड पेशींना विसरू नका, पुढे त्या पुन्हा भेटणार आहेत.

परवलीचा शब्द चुकला!

किल्ल्यावर रात्री कोणी आलं, तर पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. बरोबर सांगितला तर आपला माणूस, नाही तर शत्रू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावरही ओळखीच्या खुणा असतात. त्या पाहून पहारेकरी आपलं कोण आणि परकं कोण, ते ठरवतात.

मेचनिकॉव्ह यांच्याबरोबरच नोबेल मिळालेले जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना वाटे की, शरीर स्वतःवर असा हल्ला होऊच देणार नाही. पण पुढे कळून चुकलं की, कधीकधी तसंच घडतं. पहारेकऱ्यांना आपल्याच सांध्याचं आतलं अस्तर परकं वाटू लागतं. ते तिथे गर्दी करतात आणि रसायने सोडून आणखी पहारेकरी बोलावून घेतात. अस्तर जाड होतं, सांध्यात पाणी साठतं, गुडघा सुजतो आणि गरम लागतो. रात्रभर हालचाल नसल्यामुळे सकाळी तो आखडतो. असंच महिनोन्महिने चाललं, तर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा आणि शेवटी हाडही झिजू लागतं.

हा घोटाळा का होतो? थोडा कल जन्मतः मिळतो आणि बाहेरचं काहीतरी निमित्त होतं, इतपतच शास्त्रज्ञ आज सांगतात. दही-ताक खाल्ल्याने किंवा थंड पाण्याने आंघोळ केल्याने हा आजार होत नाही. आणि तो संसर्गजन्य तर मुळीच नाही. तेव्हा त्या मैत्रिणीशेजारी खुशाल बसा, तिच्या डब्यातलं खा!

गुपचूप होणारे नुकसान

सुजलेला गुडघा निदान दिसतो तरी. पण या आजाराची काही कामं गुपचूप चालतात.

पहिलं डोळ्यात. मोजक्या सांध्यांना सूज असलेल्या मुलांमध्ये, विशेषतः लहान मुलींमध्ये, हेच पहारेकरी डोळ्याच्या आतल्या भागालाही त्रास देतात. या सुजेला युव्हिआयटिस म्हणतात. डोळे आले की ते लाल होतात, चिकटतात. इथे तसं काहीच नाही! ना लाली, ना दुखणं, ना पाणी. लहान मूल सांगणार तरी काय? आणि कळेपर्यंत मोतीबिंदू किंवा काचबिंदू झालेला असतो, नजरही गेलेली असू शकते. म्हणून गुडघा दुखतो त्या मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राने तपासायचे, आणि डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी पुन्हा पुन्हा तपासायचे. डोळ्याला काही होत नसलं तरीही!

दुसरं वाढीत. सूज आली की त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो. लहान मुलाचा एकच गुडघा सुजलेला राहिला, तर तो पाय जास्त भराभर वाढून दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. जबड्याचा सांधा सुजला, तर उलट हनुवटीची वाढ खुंटते.

आणि तिसरं सर्वांत धोक्याचं. संधिवाताच्या एका प्रकारात सांध्यांबरोबर सगळं अंगच आजारी पडतं. रोज ठरावीक वेळी सडकून ताप येतो. तापाबरोबर अंगावर गुलाबी पुरळ उठतं आणि ताप उतरला की नाहीसं होतं. अशा मुलांपैकी साधारण दहांत एकाच्या बाबतीत त्या खादाड पेशी बेभान होतात आणि आपल्याच रक्तातल्या पेशी गिळू लागतात! मग ताप उतरतच नाही. प्लेटलेट भराभर कमी होतात, नाका-हिरड्यांतून रक्त येतं, मूल गुंगीत जातं. तेव्हा क्षणाचाही वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठायचं. वेळेवर उपचार झाले, तर मूल वाचू शकतं.

भीमावरमच्या मुलाची देणगी

घाबरलात? घाबरू नका. आता चांगली बातमी.

आंध्रातल्या भीमावरम गावी १८९५ साली यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. मद्रासला डॉक्टरकी शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या तुकडीने फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वावर काम केलं आणि मग त्याच्या उलट काम करणारी औषधे तयार केली. त्यांतलंच एक मेथोट्रेक्झेट. सुरुवातीला ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. सुब्बाराव १९४८ साली वारले. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की, हेच औषध अगदी थोड्या प्रमाणात दिलं, तर चुकलेले पहारेकरी शांत होतात. १९९२ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १२७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मुलांच्या संधिवातातही त्याचा उपयोग सिद्ध झाला. आजही जगभर हे औषध वापरतात.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं, तर जिवावर बेतू शकतं! मधूनमधून रक्तही तपासावं लागतं.

पहारेकऱ्यांचे निरोपच अडवणारी इंजेक्शनेही निघाली आहेत. त्यांतल्या इटानरसेप्टला १९९९ साली अमेरिकेत मुलांच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. ती महाग आहेत आणि देण्याआधी क्षयरोग नाही ना, हे पाहावं लागतं. पण लवकर उपचार सुरू झालेली कितीतरी मुले आज शाळेत जातात, सायकल चालवतात, पोहतात. व्यायाम तर हवाच! नुसतं बसून राहिलं, तर स्नायू दुबळे होतात.

विचारलं, तरच कळतं

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण तुम्हाला रोहित पक्ष्यांसाठी माहीत असेल. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारण्यात आलं, "तुमचे सांधे, हाडं, स्नायू दुखतात का?" दर पाच-सहा जणांत एकाचं उत्तर 'हो' असं आलं! शेतात राबणारी माणसं दुखणं अंगावर काढतात, कोणी विचारलं तर सांगतात. मग लहान मुलांचं काय? दोन-तीन वर्षांचं मूल "सांधा आखडला" असं कुठून म्हणणार? ते कडेवर घ्या म्हणून रडतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

आई-बाबांसाठी थोडेसे

मूल सकाळी लंगडत असेल, सांधा सुजलेला असेल आणि आठ-पंधरा दिवसांत बरं वाटत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एकच सांधा अचानक खूप दुखू लागला आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा, कारण सांध्यात जंतूंची लागण झालेली असू शकते. घसा दुखून गेल्यावर सांधे धरणारा आणि हृदयाला इजा करणारा संधिवाताचा ताप निराळा. त्यात सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते. क्षयरोगही एखादा सांधा धरतो. ते डॉक्टरांना तपासून ठरवू द्या. रक्तातली 'आर. ए.' तपासणी बऱ्याच मुलांत निर्दोष येते, तेवढ्यावर निश्चिंत राहू नका.

नाव नसलेल्या पुड्या मात्र देऊ नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. पहिल्या आठवड्यात मूल टुणटुणीत दिसतं. पुढे तोंड सुजतं, वाढ खुंटते आणि पुडी एकदम बंद केली तर जिवाला धोका होतो. स्टेरॉइड डॉक्टरही देतात, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. सांगलीची हळद नामांकित आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती भाजीत जरूर घाला, पण औषधाची जागा तिला देऊ नका.

कोणी दुखणेकरी असलं की, 'मिरजेला न्या' म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढलं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संधिवाततज्ज्ञांसाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं, तरी ती फेरी लांबवू नका. सहा महिने गेले, तर सांध्याचं आणि डोळ्याचं झालेलं नुकसान नेहमीच भरून येत नाही.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. उद्या प्रार्थनेला कोणी लंगडत आलं, तर हसू नका. तिचं दप्तर वर्गापर्यंत न्या. सरांना सांगा की, तिला मधूनमधून उठून पाय मोकळे करू द्या. आणि हळूच विचारा, "रोज सकाळीच दुखतं का गं? आईला सांगितलंस?"

कोण जाणे, तुमच्या त्या एका प्रश्नाने एखादीचे डोळे वाचतील!