नाव घातलं का?

माझी मावसबहीण पंधरा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त डब्लिनला गेली आणि तिथेच रुळली. तिला मुलगी झाली, तेव्हा दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यातच शेजारच्या आजी सूपचं भांडं घेऊन आल्या. बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘शाळेत नाव घातलं का?’’ बहिणीला वाटलं, थट्टा करताहेत. आजी मनापासून विचारत होत्या. त्यांची स्वतःची मुलगी दहा दिवसांची होती तेव्हाच त्यांनी नन्सच्या शाळेत जाऊन तिचं नाव नोंदवलं होतं. बारा वर्षांनी उघडणाऱ्या दाराशी नंबर लावून ठेवायचा, हीच तिथली रीत होती.

गेल्या ऑक्टोबरात मी बहिणीकडे होते. ते बाळ आता सहावीत आहे. आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळा सहावीला संपते आणि मूल बारा-तेराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जातं. ही नवी शाळा स्वतंत्र असते, प्रवेश नव्याने घ्यावा लागतो आणि अर्ज शाळागणिक वेगळा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलींच्या एका फीवाल्या कॅथलिक शाळेचं प्रवेश धोरण छापून ठेवलेलं होतं, वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा मारलेलं. पोळ्या होईपर्यंत मी ते वाचायला घेतलं आणि रात्री पुन्हा वाचलं. देणगी, वशिला, ओळखीची चिठ्ठी यांच्या गोष्टी ऐकतच मी पुण्यात वाढले. शाळेला काय विचारायची मुभा नाही, याची यादी शाळेनेच छापलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

या शाळांची मुळं जुनी आहेत आणि त्यातलं एक मूळ थेट आपल्या देशात येतं. फ्रान्सिस टेरेसा बॉल ही डब्लिनची मुलगी. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या मठात ती तयार झाली आणि १८२२ मध्ये तिने डब्लिनजवळच्या राथफार्नमला लोरेटो मठ उभा केला. सेंट स्टीफन्स ग्रीनवरची लोरेटो शाळा १८३३ सालची. त्यानंतर दशकही उलटलं नव्हतं, तेव्हा, १८४१ च्या अखेरीस, लोरेटोच्या तरुण नन्स कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. पुढे १९२८ मध्ये अल्बेनियन वंशाची अठरा वर्षांची एक मुलगी इंग्रजी शिकायला काही आठवडे याच राथफार्नमच्या मठात राहिली आणि तिथून भारताकडे निघाली. तीच आपली मदर तेरेसा. डब्लिनच्याच गोट्सटाउन भागातली माउंट अ‍ॅनव्हिल शाळा सेक्रेड हार्ट संघाची. आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन तिथे शिकल्या. मुंबईचं सोफिया कॉलेज सुरू केलं तेही याच संघाच्या नन्सनी. आपण ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो तेव्हा मनात येणारी शिस्त, अक्षर, गणवेश आणि गाण्याचा तास यांचा एक उगम या शहरात आहे.

आता वर्गात नन क्वचितच दिसते. बहुतेक संघांनी शाळांचा कारभार विश्वस्त संस्थांकडे सोपवला आहे. शिक्षिका, मुख्याध्यापिका साध्या कपड्यांतल्या, संसारी. संघाचं नाव पाटीवर आहे, संस्थापिकेचा दिवस साजरा होतो आणि धोरणाच्या पहिल्या पानावर शाळेचा कॅथलिक पिंड सांगितलेला असतो.

फी का, हे समजायला १९६६ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी १० सप्टेंबरला शिक्षणमंत्री डोनो ओ’मॅली यांनी पत्रकारांच्या मेळाव्यात, अर्थखात्याला न विचारता, जाहीर करून टाकलं की माध्यमिक शिक्षण मोफत होणार. पुढच्याच वर्षी ते झालंही. बहुतेक शाळा या योजनेत आल्या. काही बाहेर राहिल्या आणि फी घेत राहिल्या. आज देशातल्या सातशेहून अधिक माध्यमिक शाळांपैकी अशा सुमारे पन्नास आहेत, त्यातल्या बऱ्याचशा डब्लिन आणि आसपास. दिवसशाळेची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला चार आकडी युरो. पण या शाळा आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळांसारख्या नाहीत. शिक्षकांचा पगार सरकार देतं. मोफत शाळेला दर विद्यार्थ्यामागे मिळणारं अनुदान मात्र यांना मिळत नाही. पगार सरकारी तिजोरीतून येतो, म्हणून प्रवेशाचा कायदाही यांना लागू होतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

तो कायदा यायच्या आधी काय होतं ते आजींनीच मला सांगितलं. जन्मल्या जन्मल्या नाव घालायचं. मग मुलगी अकरा वर्षांची झाली की बैठकीच्या खोलीत बोलावणं यायचं. आईने चांगला कोट घालायचा, मुलीने पांढरे मोजे. नन विचारायच्या, घरी कोणतं वाद्य वाजवता? वडील काय करतात? कुठल्या चर्चमध्ये जाता? ‘‘माझं उत्तर चुकलं तर हिची शाळा जाईल, या भीतीने माझे हात गार पडले होते,’’ आजी म्हणाल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीचे ते गार हात अजून आठवतात. ज्यांना ही रीतच ठाऊक नव्हती, जे दुसऱ्या गावाहून किंवा दुसऱ्या देशातून आले, त्यांची मुलगी जन्मायच्या आधीच यादी भरत आलेली असायची. माझ्या बहिणीचंही तेच झालं असतं.

शिक्षणमंत्री रिचर्ड ब्रूटन यांनी २०१६ मध्ये आणलेलं विधेयक २०१८ च्या जुलैत कायदा झालं आणि त्याचा मोठा भाग २०२० पासून लागू झाला. त्याने ही बैठकीची खोलीच बंद केली. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तेव्हा कोणाला घ्यायचं हे ठरवताना मुलीची हुशारी, गुण, कला यांचा विचार करायचा नाही. आईवडिलांचा व्यवसाय, त्यांची ऐपत पाहायची नाही. मुलाखतीला किंवा शाळा पाहण्याच्या दिवशी हजेरीची अट घालायची नाही. वसतिगृहाच्या जागांपुरती थोडी सूट आहे, ती सोडली तर सगळ्यांना हेच. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम: अर्ज कोणत्या दिवशी, किती वाजता आला हे मोजायचंच नाही. मुलगी ज्या सप्टेंबरात माध्यमिकला जाणार, त्याच्या आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपूर्वी कुणाचाच अर्ज घ्यायचा नाही. खिडकी किमान तीन आठवडे उघडी ठेवायची आणि त्या मुदतीत आलेला पहिला अर्ज व शेवटचा अर्ज सारखाच धरायचा. जुन्या प्रतीक्षा याद्या निकालात काढायला शाळांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मुदत होती. आजींची रीत तिथे संपली.

मग निवड कशी होते? शाळेने निकषांची उतरंड आधीच जाहीर करायची आणि वरून खाली त्याच क्रमाने जागा भरत यायच्या. शाळाशाळांत फरक असतो, पण साधारण पहिल्या पायरीवर आत शिकणाऱ्या किंवा शिकून गेलेल्या मुलींच्या सख्ख्या बहिणी असतात. मग शाळेच्या स्वतःच्या प्राथमिक विभागातल्या किंवा ठरलेल्या प्राथमिक शाळांतल्या मुली, माजी विद्यार्थिनींच्या मुली आणि नाती, कर्मचाऱ्यांच्या मुली आणि शेवटी बाकी सगळ्या. ज्या पायरीवर जागा संपतात, त्या पायरीवरच्या मुलींमध्ये सोडत निघते.

शाळेने अर्ज घेण्याआधी प्रवेशसूचना प्रसिद्ध करायची असते. तीत जागा किती, तारखा कोणत्या, हे तर असतंच. गेल्या वर्षी अर्ज जागांपेक्षा जास्त आले असतील, तर किती आले आणि कोणत्या पायरीवर किती जागा गेल्या तेही लिहावं लागतं. बहीण तो तक्ता अगदी अकरावीच्या कट-ऑफ यादीसारखा वाचत होती. आम्ही पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब मांडला. समजा जागा १२० आहेत. बहिणींच्या ३५ गेल्या. प्राथमिक विभागातून ४५ मुली आल्या. माजी विद्यार्थिनींच्या मुलींना कायद्याने फार तर २५ टक्के, म्हणजे ३० जागा देता येतात, त्या भरल्या. उरल्या दहा. या दहांसाठी चिठ्ठी निघणार आणि त्या चिठ्ठीत आमच्या घरची मुलगी. बहिणीने दहाभोवती गोल काढला आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला ती सोडत या सगळ्यातला सर्वांत स्वच्छ भाग वाटते. चिठ्ठी कुणाचा कोट पाहत नाही. त्या दहा जागांत डॉक्टरची मुलगी आणि बसचालकाची मुलगी शेजारी शेजारी उभ्या असतात. पण चिठ्ठीपर्यंत पोचायच्या आधीच्या ११० जागांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

माजी विद्यार्थिनींच्या २५ टक्क्यांचंच घ्या. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा पिढ्यान्‌पिढ्या भटका राहिलेला समाज आहे. क्लॉनमेल गावच्या एका मुलांच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप दिलं, तेव्हा या समाजातल्या एका मुलाला २०१० साली प्रवेश मिळाला नाही. त्याच्या वडिलांनी माध्यमिक शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या पिढीतल्या ट्रॅव्हलर माणसांची सर्रास तीच स्थिती. समानता न्यायाधिकरणाने त्याची बाजू उचलून धरली, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही त्याच्या पदरी काही पडलं नाही. वडील शिकले नाहीत म्हणून मुलाचा नंबर मागे, हे गणित आपल्याला शिकवायला नको. आपल्याकडेही शाळेच्या दाराशी याच गणिताने कितीक घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. नव्या कायद्याने ही सवलत काढून टाकली नाही, पण तिला मर्यादा घातली. मला ती पूर्ण गेलेली आवडली असती.

प्राथमिक विभागाचा प्रश्न याहून अवघड. प्रवेशाचा कायदा सरकारमान्य शाळांना लागू आहे. काही माध्यमिक शाळांचे प्राथमिक विभाग संपूर्ण खासगी आहेत. ते सरकारकडून पैसे घेत नाहीत, म्हणून त्या कायद्याच्या कक्षेतही येत नाहीत. तिथे लवकर नाव घालता येतं, मुलाखत घेता येते. चौथ्या वर्षी तिथे शिरलेली मुलगी बाराव्या वर्षी उतरंडीच्या वरच्या पायरीवर असते. म्हणजे जन्मदिवसाची रांग मोडली, पण तिचा काही भाग खालच्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. आठ वर्षांची जास्तीची फी ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी.

धर्माबद्दल बहिणीला धास्ती होती. घरात गणपती बसतो, मग कॅथलिक शाळा घेईल का? सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक प्राथमिक शाळांना बाप्तिस्म्यावरून मुलं निवडायला २०१८ मध्ये बंदी झाली. माध्यमिक शाळांना ती लागू नाही. धर्माला प्राधान्य द्यायची मुभा त्यांना अजून आहे आणि शाळा ती वापरते की नाही हे धोरण वाचल्याशिवाय कळत नाही. बहिणीने निवडलेल्या शाळेच्या निकषांत धर्म नव्हता. ज्या मुलीला धर्माच्या तासाला बसायचं नसेल तिची काय सोय, हे धोरणात लिहिणं मात्र प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे. तो परिच्छेद वाचून भाची म्हणाली, ‘‘मी बसेन की. येशूची गोष्ट मला येते.’’

हे सगळं वाचताना आपल्याकडचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवत राहतो. त्यानेही प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला बंदी केली आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. महाराष्ट्रात त्यांचीही सोडत निघते. मात्र २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळलं, त्यामुळे आपली कॉन्व्हेंट्स त्या सोडतीच्या बाहेर राहिली. तिकडे २५ टक्के माजी विद्यार्थिनींच्या लेकींना, इकडे २५ टक्के ज्यांच्या घरातून कुणी कधी आत गेलं नाही त्यांना. आकडा एकच. ज्या शाळेच्या पाटीवर लोरेटो किंवा सेक्रेड हार्ट लिहिलं आहे, तिच्या संस्थापिकेच्या मनाच्या जवळ यातलं कोणतं आहे, हे त्या शाळांनी स्वतःला विचारावं असं मला कळकळीने वाटतं.

अर्जाला पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम मोफत शाळांना आहे. फीवाल्या शाळांना त्यातून सूट आहे. प्रवेश मिळाला की जागा राखायला अनामत भरायची, शाळेची आचारसंहिता मान्य असल्याचं लिहून द्यायचं आणि दुसऱ्या शाळेची जागा आधी स्वीकारली असेल तर तेही सांगायचं. म्हणजे एकीने दोन जागा अडवून बसू नये. नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुलगी कोणत्या पायरीवर होती आणि प्रतीक्षा यादीत कितवी आहे, हे त्यात असतं. निर्णय पटला नाही तर आधी शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचार मागायचा, मग १९९८ च्या शिक्षण कायद्याच्या कलम २९ खाली सरकारी समितीकडे अपील करायचं. प्रतीक्षा यादी त्या वर्षापुरतीच. पुढच्या वर्षीच्या मुलींना पाटी कोरी.

मी परत आल्यावर नोव्हेंबरात बहिणीचा फोन आला. सोडतीत नंबर लागला नव्हता. प्रतीक्षा यादीत सतरावा होता. जवळच्या ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणवणाऱ्या मोफत माध्यमिक शाळेत जागा मिळाली होती आणि ती त्यांनी घेतलीही होती. बहिणीचा आवाज उतरलेला होता, पण पत्राबद्दल तिची तक्रार नव्हती. पायरी, आकडा, कारण, सगळं कागदावर होतं. नंतर भाचीने फोन घेतला.

‘‘मावशी, सतरा म्हणजे माझ्यापुढे सोळाच मुली ना?’’

‘‘सोळाच.’’

‘‘त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही माझी आई काय करते ते. मलाही त्यांचं माहीत नाही.’’ मग तिने विचारलं की कम्युनिटी कॉलेजात सुतारकामाचा तास असतो तो मुलींनाही घेता येतो का. तेवढ्यात बहिणीनेच मागून सांगितलं, येतो.