फाटक बंद असताना

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाचे वऱ्हाड नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मानवरहित फाटकावर रेल्वेने धडक दिली. ५० हून अधिक माणसे दगावली. आमच्या भागात ट्रॉलीत दाटीवाटीने बसून निकाहला, वलीम्याला जाणे नवे नाही. म्हणून ती बातमी आम्हाला घरातलीच वाटली होती.

त्या दिवशी काय चुकले याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १३१ किती जणांनी वाचले आहे? विनापहारा फाटकावर चालकाने गाडी थांबवावी, सोबतच्या क्लीनरने किंवा मदतनीसाने रुळापर्यंत पायी जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात आणि सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गाडीत बसलेली माणसे ही चालकाकडे सोपवलेली अमानतच असते.

जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरील सर्व मानवरहित फाटके संपली. आता गेटमन असतो, दांडा असतो. तरी आपण काय करतो? दुचाकी वाकडी करून दांड्याखालून काढतो, मागे पोरगा बसलेला असला तरी! एक गाडी गेली की घाई करतो, दुसऱ्या रुळावरून दुसरी येत असेल हे ध्यानात घेत नाही. वर गेटमनवरच ओरडतो, ‘इतक्या लवकर कशाला बंद केलं?’ सिग्नलशी जोडलेल्या फाटकाला कुलूप लागल्याशिवाय गाडीला हिरवा दिवा मिळतच नाही, म्हणून ते आधी बंद होते. ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३६ मीटर धावते. ब्रेक लावला तरी ती जागीच थांबत नाही, बरेच अंतर पुढे जाते.

आम्हीही दांड्याखालून गेलो आहोत, हे कबूल करतो. शाळेला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात रस्ता सुरक्षेचा पाठ शिकवत असताना सहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, काल तुम्हीपण खालूनच गेलात ना?’

वर्ग हसला. आम्हाला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून घरून दहा मिनिटे आधी निघतो आणि फाटकाशी गाडी बंद करून उभे राहतो. तो मुलगा कधी कधी पलीकडच्या बाजूला सायकल घेऊन थांबलेला दिसतो.