कांगा लीग : पावसातलं क्रिकेट

क्रिकेट हा उन्हाळ्या-हिवाळ्याचा खेळ. पाऊस आला की खेळाडू तंबूत जातात. मग मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळायची स्पर्धा कशी सुरू झाली आणि ती इतकी वर्षं टिकली कशी, हे आज आपण बघणार आहोत.

ही स्पर्धा म्हणजे डॉ. एच. डी. कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा पारशी समाजातले नामवंत फलंदाज. 1911 साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. त्यांच्या नावाने 1948 मध्ये ही लीग सुरू झाली. तो काळही ध्यानात घ्या. हिंदू, मुस्लिम, पारशी अशा संघांची पंचरंगी स्पर्धा 1946 मध्ये बंद पडली होती. आता मुंबईच्या क्रिकेटला क्लबांची स्पर्धा हवी होती.

पण पावसाळाच का? कारण इंग्लंड. त्या काळी तिथे खेळपट्ट्या झाकत नसत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा येतो, हे आपल्या फलंदाजांना कळावं, हा हेतू होता. गरज किती होती ते 1952 मध्ये दिसलं. मँचेस्टरच्या कसोटीत भारतीय संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला, 58 आणि 82 धावांत.

आता ओली खेळपट्टी म्हणजे काय, ते समजून घेऊ. पूर्ण भिजलेली असेल तर चेंडू नुसता घसरत येतो. खरी गंमत ऊन पडल्यावर. वरचा थर सुकू लागतो, खाली ओल असते. मग एक चेंडू माती धरून छातीपर्यंत उसळतो, दुसरा तिथेच पडून खाली राहतो. अशा वेळी पाय पुढे टाकून जोरात बॅट फिरवणारा फसतो. चेंडूची शेवटपर्यंत वाट बघायची, हात सैल ठेवायचे, हाच उपाय. त्यात मैदानात गवत वाढलेलं. जमिनीलगत मारलेला चांगला फटकाही मधेच अडकतो. म्हणजे चौकार हवा तर चेंडू उचलून मारा, आणि झेल जाण्याचा धोका पत्करा. इथे केलेल्या तीस धावा एरवीच्या शतकाच्या तोडीच्या, असं जुने खेळाडू म्हणतात ते उगाच नाही.

रचनाही बघा. 'ए' पासून 'जी' पर्यंत सात गट, प्रत्येकात 14 संघ. चांगलं खेळलात तर वरच्या गटात, नाहीतर खाली. सामने रविवारी, कारण खेळणारे कोण? बँकेतले, कचेरीतले, कॉलेजातले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा. आझाद मैदानावर तर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीशेजारी उभा असतो! आणि याच मैदानांवर दादर युनियनकडून सुनील गावसकर, शिवाजी पार्क जिमखान्याकडून पद्माकर शिवलकर खेळले. सचिन तेंडुलकर 1984 मध्ये, अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला.

इथेच आपल्या विषयातला खरा प्रश्न येतो. इंग्लंडमध्येही पुढे खेळपट्ट्या झाकू लागले. म्हणजे ज्यासाठी लीग काढली, ते कारणच गेलं. मग ती बंद का पडली नाही?

आम्हाला वाटतं, ओली खेळपट्टी हे निमित्त ठरलं. लीगने दिलं ते वेगळंच. शाळकरी मुलाला रविवारी कसोटीपटूसमोर गोलंदाजी करता आली. खडूसपणा, म्हणजे सहजासहजी विकेट न देण्याची वृत्ती, या चिखलात मुरली. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्याचं श्रेय एकट्या लीगला देता येणार नाही. पण त्यातले बहुतेक जण या मैदानांवरूनच आले होते.

आज वाद चालतो तो असा : भर पावसात खेळून मैदानं खराब करायची, की पाऊस ओसरल्यावर खेळायचं? ओसरल्यावर खेळलो तर सामने जास्त पूर्ण होतील, दुखापती कमी होतील, हे खरंच आहे. पण मग ही इतर स्पर्धांसारखीच एक स्पर्धा होईल, हेही तितकंच खरं. तारखा पुढे-मागे झाल्या तरी चालेल. रविवारी सकाळी किट घेऊन लोकलने मैदानावर येणाऱ्या त्या मुलाला मोठ्यांसमोर उभं राहायची संधी मिळते की नाही, हे मात्र बघावं लागेल. ती गेली, तर लीगचं फक्त नाव उरेल.