आधी कान, मग गिरमिट

गावाकडच्या कार्यक्रमात एखाद्या वाद्याचे भवितव्य त्याच्या सुरांवर ठरत नाही, ते माइकवाल्याच्या टेबलावर ठरते. ढोलकी माइकवाचूनही मांडवाच्या टोकापर्यंत पोचते. हार्मोनियमच्या भात्यामागे एक माइक ठेवला की काम भागते. सिंथेसायझरची वायर तर थेट मिक्सरमध्येच जाते. या सगळ्यांत अडचण होते ती साध्या, पोकळ पोटाच्या लाकडी गिटारीची. घराच्या ओट्यावर दहा माणसांत ती छान बोलते. पण मांडवात तीनशे माणसे, मागे जनरेटरची घरघर आणि शेजारी ढोलकी असली, की वाजवणाऱ्याची बोटे हलताना दिसतात एवढेच.

मग तिच्यापुढे माइक ठेवायचा, असे कोणीही म्हणेल. आमच्या निफाडला, गणेशोत्सवाच्या एका मांडवात तसे करून पाहिले. गिटार वाजवत होती माझी पुतणी. माइकने गिटारीआधी ढोलकी पकडली. म्हणून आवाज वाढवला, तर कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. हा निसर्गनियम आहे. कर्ण्यातला आवाज गिटारीच्या पातळ पाटीवर येऊन आदळतो, पाटी थरथरते, ती थरथर माइक पुन्हा कर्ण्याकडे पाठवतो, आणि हे चक्र क्षणाक्षणाला वाढत जाते. गिटारीचे पोट म्हणजे एक घुमणारे मडकेच. त्याचा स्वतःचा असा एक खर्जातला सूर असतो आणि नेमक्या त्या सुरावर ते आधी बोंबलते. पोरीने तीन गाणी कशीबशी म्हटली आणि उतरताना मला विचारले, “काका, हिच्यात वायर बसवता येईल का हो?”

तिने ‘वायर’ म्हटले त्याला जाणकार ‘पिकअप’ म्हणतात. वाद्याची थरथर हवेतून न ऐकता थेट तारेतून किंवा लाकडातून उचलायची आणि तिची वीज करून पुढे पाठवायची, एवढेच त्याचे काम. ही काही फक्त शहरातल्या इंग्रजी गाण्याच्या पोरांची हौस आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या वराती आणि मिरवणुकी ज्या बेंजोवर नाचतात, त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. या बेंजोचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या, अशी त्याची रचना. ते आपल्याकडे आले आणि बुलबुलतरंग झाले. आवाज असा की बंद खोलीत गोड, बाहेर मात्र गायब. पुढे त्याच्या तारांखाली लोहचुंबकाचा पिकअप बसला आणि दिवाणखान्यातले हे बुजरे वाद्य मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालू लागले. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ या नावाचा हिंदी चित्रपटही काढला. ज्याला आवाज मिळाला ते वाद्य टिकले. मात्र वरातीतल्या बेंजोचा तो करकरीत आवाज ऐकल्यावर मूळ बुलबुलतरंगाची आठवण कोणाला होते, हाही प्रश्न आहेच.

पिकअपच्या मुख्य जाती दोन. पहिली लोहचुंबकाची. चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. अमेरिकेत जॉर्ज बोशँप यांनी या तत्त्वावर गिटार तयार केली आणि १९३२ साली रिकनबॅकर कंपनीने ती बाजारात आणली. गोल पोटामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. गंमत अशी की ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. जिच्यावर हिंदी सिनेमाच्या चाली वाजवण्याचे वेड पुढे आपल्याकडे घराघरांत शिरले, तीच. ही जात तार ऐकते, लाकूड फारसे ऐकत नाही.

दुसरी जात दाबाची. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विजेचा भार उमटतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत गारगोटी होती, तुरमलीन होते आणि उसाची साखरही होती. ज्या तालुक्याने उसाच्या फडात आयुष्ये घालवली, त्यातल्या माणसाला हे वाचून गंमत वाटल्यावाचून राहत नाही. आज साखरेऐवजी सिरॅमिकची चकती किंवा पट्टी वापरतात. भिंतीवरच्या घड्याळात किंवा खेळण्यात ‘बीप’ वाजवणारी पितळी चकती असते, तीच उलटी वापरली की कान होते. ही जात लाकडाला चिकटून बसते आणि लाकूड ऐकते.

पण लाकूड म्हणजे कुठले लाकूड? खरा प्रश्न हाच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ही चकती चहाच्या किमतीत मिळते. तिला दोन तारा जोडल्या, दुतर्फा चिकटणाऱ्या टेपने ती गिटारीवर लावली आणि आठवडाभर आम्ही दोघांनी ती नुसती फिरवली. पुतणी वाजवायची, मी चकती हलवायचो, ऐकणारे कान मात्र तिचे. कडेला लावली तर आवाज टिनपाट. पाटीच्या मध्यावर लावली तर बोटांचा आणि मनगटाचा खडखडाटच जास्त. घोडीजवळ आणली तेव्हा सहाही तारा समसमान बोलल्या. एकाच गिटारीत इतके आवाज दडलेले असतात. पिकअप गिटार ऐकत नाही. तो जिथे बसतो तेवढी जागा ऐकतो. म्हणून ज्यांना घरी हे काम करायचे असेल त्यांना माझे पहिले सांगणे असे, की आधी कान चालवावेत, मग गिरमिट.

कारण गिरमिट चालले की परतीची वाट नाही. आणि ही गिटार साधीसुधी नव्हती. माझे थोरले बंधू मुंबईला नोकरीला होते. त्यांनी १९८४ साली धोबी तलावाच्या एका दुकानातून ती घेतली आणि कसाऱ्याचा घाट चढून घरी आणली. कोलकात्याची बनावट, किंमत बेताची, पण दादा असेपर्यंत तिला कोणी धक्का लावलेला त्यांना खपला नाही. ते गेल्यावर ती चार वर्षे कपाटावर पडून होती. मग पोरीने उतरवली. आता तिला भोक पाडायचे तर वहिनींना विचारणे भाग होते.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी हिच्यावर कधी ओरखडा पडू दिला नाही. आणि तुम्ही भोकं पाडणार?”

मी म्हणालो, “वहिनी, दोन भोकं. एक घोडीच्या खाचेत, ते झाकलं जाईल. दुसरं पट्ट्याच्या बटणाच्या जागी, तिथं आधीचंच आहे, ते मोठं करायचं. समोरच्या पाटीला हात लावणार नाही.”

“आणि नाही लावलं तर?”

“तर ती घरात वाजेल. मांडवात नाही.”

त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पोरीच्या हाती गिटारीची जुनी कापडी खोळ धुऊन पाठवली. होकार आला तो असा.

निवड अजून बाकी होती. चकतीचा आवाज गोड होता, लाकडाचा ऊबदारपणा त्यात उतरत होता. पण स्पीकरचा आवाज वाढवला की शिट्टीही लवकर सुरू होई. घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली बसणारी सिरॅमिकची पट्टी नाशिकच्या एका परिचितांच्या गिटारीत होती. ती आणून ऐकली. आवाज किंचित टोकदार, काचेवर नख वाजावे तसा. पण स्पीकरसमोर ती ठाम उभी राहिली. घरात ऐकायचे असते तर चकतीच घेतली असती. मांडवात ऐकवायचे होते, म्हणून पट्टी घेतली. गोडवा थोडा सोडल्याशिवाय आवाज मिळत नाही, हा हिशेब तिथे पुरता कळला.

आता प्रत्यक्ष काम. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. म्हणजे कांद्याची जवळपास दीड गोणी. ज्यांनी द्राक्षमांडवाच्या तारा ताणल्या आहेत त्यांना ताणाची किंमत सांगायला नको. म्हणून तारा तोडायच्या नाहीत, एकेक फेरा आळीपाळीने सैल करत उतरवायच्या. मग घोडीच्या खाचेतली हाडाची पट्टी अलगद उपसून काढायची. खाचेच्या एका टोकाला तीन मिलीमीटरचे, थोडे तिरके भोक पाडायचे. पण त्याआधी बॅटरी आणि छोटा आरसा पोटात घालून खालची आधारपट्टी कुठे आहे ते पाहायचे. ती कापली गेली तर पाटीच बसेल.

सगळ्यांत नाजूक काम पुढे येते. सिरॅमिकची पट्टी खाली गेली की हाडाची पट्टी तेवढी वर येते आणि तारा बोटांना उंच लागतात. म्हणून जेवढी जाडी घातली तेवढी खालून घासायची. त्यासाठी काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर चिकटवून त्यावर पट्टी उभी धरून एकाच दिशेने ओढायची. तळ जरा जरी वाकडा राहिला तरी एखादी तार मुकी होते, कारण तिचा दाब खाली पोचतच नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीचा पृष्ठभाग असाच तसू तसूने घासत, ऐकत, पुन्हा घासत बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हातांना जी सबुरी लागते तिचा शंभरावा अंश इथे पुरतो. पण तेवढी लागतेच.

मग मागचे भोक. बटणाचे भोक आठ मिलीमीटरच्या आसपास असते, जॅकला बारा-तेरा लागतात. साधा ड्रिल तिथे लावला तर तो लाकडात दात रोवून चीर पाडतो. कडेने कागदी टेप लावून, निमुळत्या रीमरने हाताने फिरवत भोक वाढवणे उत्तम. गावातल्या सुताराकडे तो नसेल तर पायऱ्यापायऱ्यांचा ड्रिल हळू चालवावा. हिवाळ्यात आमच्याकडे पारा महाराष्ट्रात सगळ्यांत खाली उतरल्याच्या बातम्या येतात आणि उन्हाळ्यात लाकूड चांगलेच कोरडे पडते. कोरडे लाकूड लवकर तडकते, म्हणून हे काम आम्ही पावसाळा सरताना केले.

आता पुष्कळ जण इथे चुकतात ती गोष्ट. पट्टीतली वीज ठिबकच्या थेंबासारखी असते, पाटाच्या पाण्यासारखी नव्हे. ती सरळ मिक्सरच्या साध्या तोंडात सोडली तर मिक्सर तिला ओढून घेतो, खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. म्हणून मध्ये प्रीअँप नावाची छोटी पाटी लागते. ती थेंब जपून घेते आणि पुढे पाट करून सोडते. तिला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. बहुतेक संचांत जॅकमध्ये पिन घातली की बॅटरी चालू होते, काढली की बंद. म्हणजे कार्यक्रम संपल्यावर पिन तशीच ठेवली तर सकाळपर्यंत बॅटरी उतरत राहणार.

तारा चढवल्या, दोन दिवस ताण बसू दिला आणि नवरात्रात पुतणी पुन्हा मांडवात बसली. पोटाच्या गोल भोकावर रबराचे झाकण लावले होते. त्याने घुमणारे मडके बंद होते आणि शिट्टी आणखी दूर जाते. माइकवाल्याला मी आधीच सांगून ठेवले होते की शेवटच्या रांगेत गाण्याचे शब्द आणि गिटार दोन्ही कळले की थांबायचे, त्यापुढे हात लावायचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवावे लागतात. सणाच्या मोजक्या दिवशीच सरकार त्यात सूट देते. पण दहाच्या आतही किती मोठ्याने, याचा विचार आपण क्वचितच करतो. आवाज वाढवता येतो म्हणून तो वाढवलाच पाहिजे अशी समजूत झाली आहे, आणि तिच्यापायी बेंजोचे जे झाले ते गिटारीचेही व्हायला वेळ लागणार नाही.

वहिनी बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. नंतर घरी म्हणाल्या, “आवाज त्यांच्या गिटारीसारखा नाही वाटला, भाऊजी. पण पोरगी ऐकू आली.”

मला हा निकाल अगदी रास्त वाटतो. पिकअपने दादांच्या गिटारीचा आवाज मोठा केलेला नाही, तिला दुसरा एक आवाज दिला आहे. पहिला अजून जागेवर आहे, पिन काढून ओट्यावर बसले की तो ऐकू येतो. ज्यांच्या घरी कपाटावर एखादी सतार, बुलबुलतरंग किंवा गिटार धूळ खात पडली असेल, त्यांनी ती उतरवावी, तारा बदलाव्यात आणि आठवडाभर एक चकती तिच्यावर फिरवून पाहावी. भोक पाडायचे की नाही, ते त्यानंतर ठरवावे.